भिंगरीचं साल

त्या घरात वाइन चाखायची ती सकाळी दहा वाजता. न्याहारीला दोन तास झालेले असावेत आणि जेवणाला दोन तास उरलेले असावेत, कारण जीभ तेवढ्याच वेळात खरं बोलते, असं मालकीणबाईंचं मत होतं. आणि मालकीणबाईंचं मत म्हणजे त्या घरातलं हवामान. पटो न पटो, कपडे त्याप्रमाणेच घालायचे.

घरामागे उतारावर द्राक्षांचा मळा होता, घराखाली तळघर होतं आणि तळघरात गेली एकेचाळीस वर्षं नाकोबा होते. नाक लांब होतं म्हणून हे नाव पडलं असं नाही. नाक तसं बेताचंच होतं. पण बंद पिंपाच्या बुचाशी ते नेलं की आत काय शिजतंय ते नाकोबा सांगायचे आणि ते खरं निघायचं. माणूसही नाकासमोर चालणारा. नाकोबांना खोटं बोलणं जमतच नाही, असं सगळे म्हणायचे. ते ऐकलं की नाकोबा खाली बघायचे, आणि लोक म्हणायचे, बघा, विनयही किती आहे.

महिनाअखेर ते काम सोडणार होते. तळघराच्या बावीस पायऱ्या आणि त्यांचे गुडघे यांचं अलीकडे पटेनासं झालं होतं. त्यांच्यानंतर तळघराची किल्ली कोणाकडे जाणार, हे आज सकाळी ठरायचं होतं.

एक बाजू भिंगरीची. भिंगरी म्हणजे बाईंची एकुलती एक लेक. लहानपणी दोन मिनिटं एका जागी उभी राहायची नाही, म्हणून भिंगरी. सातव्या वर्षापासून ती नाकोबांच्या मागे पिंपांमधून हिंडलेली होती आणि आता एकोणतीस वर्षांची झाली तरी तिला दुसरं काही करावंसं वाटलं नव्हतं. दुसरी बाजू एका शिकल्यासवरल्या तरुणाची. तो स्वतः आज हजर नव्हता. त्याचं नाव सुचवणारे, बाईंचे धंद्यातले एक सल्लागार हजर होते, आणि सल्लागारांची इस्त्री एवढी कडक होती की तरुणाची उणीव भासत नव्हती. बाईंनी लेकीला आठवडाभर आधीच सांगून ठेवलं होतं की पोटची पोर म्हणून किल्ली मिळणार नाही. जुळं ओळखलं तर मिळेल, नाहीतर सल्लागारांचा माणूस येईल.

जुळं ही त्या घराची जुनी परीक्षा. बाटल्या फडक्यात गुंडाळून त्यांवर आकडे लावायचे आणि त्यांत कुठल्या तरी एका सालाच्या दोन बाटल्या घालायच्या. चाखणाऱ्याने कुठली दोन भावंडं एका पोटची आहेत ते सांगायचं. ज्याला जुळं सापडत नाही त्याच्या बाकीच्या मतांना त्या टेबलावर कवडीची किंमत नाही. कारण उघड आहे. एकाच वाइनला दोन वेळा दोन नावं ठेवणारा माणूस वाइनबद्दल बोलत नसतो, स्वतःबद्दल बोलत असतो.

गुंडाळायचं काम मावशीचं. बाईंची ही थोरली बहीण बरीच वर्षं शाळेत गणित शिकवून आता इथे राहायला आली होती, असं सांगताना तिला येऊनही तीस वर्षं झाली हे सगळे विसरायचे. तिला तरुणपणीच साखरेचा आजार जडला, त्यामुळे गोड वाइनच्या घरात राहून तिने गोड वाइनचा थेंब कधी तोंडात घेतला नव्हता. जो पीत नाही तोच गुंडाळायला बरा, म्हणून हे खातं तिच्याकडे आलं. ती ते परीक्षेच्या पेपरांसारखं सांभाळायची. एरवी रॅकमधून बाटल्या काढून द्यायला नाकोबा असायचे. पण यंदा नाकोबा स्वतः चाखायला बसणार, तेव्हा त्यांनी बाटल्यांना हात लावायचा नाही, असं म्हणून मावशी काठी टेकत स्वतः तळघरात उतरली होती. नाकोबांना तेव्हाच जरा कसंनुसं झालं होतं. आठच तर सालं लागतात, ती दोन नेमकी कशाला येतील, अशी त्यांनी स्वतःची समजूत घातली.

पहिली फेरी तऱ्हांची झाली. शेजारच्या मळ्यांतून मागवलेल्या तीन आणि घरची एक. उशिरा तोडलेल्या द्राक्षांची वाइन फिकट, फुलांच्या वासाची आणि कोणाशीही जमवून घेणारी होती. महिनाभर चटयांवर वाळवलेल्या द्राक्षांची मात्र घट्ट होती, अंजिरासारखी, दोन घोटांत पोट भरल्यासारखं वाटायला लावणारी. तिसरीत रस आंबत असतानाच मद्यार्क ओतून तो अर्ध्यावर थांबवला होता. तिला अक्रोडाचा वास होता आणि अंगात रग होती. सल्लागारांचा जीव हिच्यावर, कारण उघडलेली बाटली महिनाभर टिकते. आणि चौथी घरची, बुरशीची.

या बुरशीच्या वाइनला देखणेपणाचं वावडंच. सकाळी धुकं आणि दुपारी ऊन असं जमून आलं की द्राक्षांवर राखाडी बुरशी धरते, आतलं पाणी उडून जातं आणि मागे गोडी आणि आंबटपणा तेवढा उरतो. घड असा दिसतो की पाहुण्याने नाक मुरडून फेकून द्यावा. पण रस काढला की मध, जर्दाळू, संत्र्याचं सालपट, सगळं एकामागून एक येतं आणि शेवटी आंबटपणा येऊन तोंड धुऊन जातो. फक्त हवामानाने साथ द्यायला हवी. ऊन न पडता पाऊसच लागला तर तीच बुरशी घड सडवून टाकते. सल्लागार म्हणाले की हा जुगार आहे. बाई म्हणाल्या की आहेच.

दुसऱ्या फेरीत सगळी घरची, वेगवेगळ्या सालांची. नऊ बाटल्या, चौघांपुढे नऊ-नऊ ग्लास, मध्ये थुंकायला बादली. त्या घरात सालांना आकड्यांनी कोणी ओळखत नसे. गारांचं साल, वेड्या माशांचं साल, छप्पर उडालं ते साल, खालच्या ओढ्यावर पूल झाला ते पुलाचं साल, आणि त्याच्या पुढचं भिंगरीच्या जन्माचं, म्हणून भिंगरीचं साल. या भिंगरीच्या सालाचं घरात केवढं कौतुक. बाटल्या नव्वदच निघालेल्या, एकही विकली नव्हती. दर वाढदिवसाला एक उघडायची आणि बाईंनी म्हणायचं, पुलाचं साल तगडं होतं खरं, पण या सालाचा मऊपणा त्याला नाही.

चाखणं सुरू झालं. ग्लास फिरवल्याचा आणि बादलीचा तेवढा आवाज. नाकोबांनी दुसरा चाखला, गारांचं साल. तिसरा चाखला, छप्पर उडालेलं. चौथा नाकाशी नेला आणि त्यांना पुलाचं साल भेटलं. त्या वर्षी द्राक्षं पिकत असताना ओढ्यावर दोन महिने डांबर तापत होतं आणि त्याचा धूर रोज संध्याकाळी उतारावर येऊन बसायचा. मधाच्या आणि जर्दाळूच्या खाली, अगदी तळाशी, तो अजून होता. मग पाचवा. मग सहावा, आणि सहाव्याच्या तळाशीही डांबर होतं.

खाई त्याला खवखवे म्हणतात. नाकोबांचा घसा त्या क्षणी खरोखर खवखवला.

कारण भिंगरीच्या सालाची वाइन अशी नव्हतीच. त्या वर्षी हंगामात सलग तीन आठवडे पाऊस लागला होता. मालक चार महिन्यांपूर्वी गेलेले, बाई दवाखान्यात, मावशी त्यांच्या उशाशी, बाळंतपण अवघड, आणि डॉक्टरांनी बजावलेलं की त्यांच्या कानावर वाईट काही घालू नका. उतारावर घड सडून काळे पडले होते. जो काही रस निघाला तो पातळ आणि आंबट. नाकोबा बाळ बघायला गेले तेव्हा बाईंनी बाळाचं काही बोलायच्या आधी विचारलं होतं, यंदाची कशी झालीय? आणि नाकोबांच्या तोंडून निघून गेलं होतं, झकास.

शब्द गेला तो गेला. मग त्याच्यामागे वाइन उभी करणं आलं. पुलाच्या सालाचं एक छोटं पिंप बाटल्यांत भरायचं राहिलं होतं. त्या पिंपातून नव्वद बाटल्या भरल्या आणि त्यांवर नव्या सालाची लेबलं लागली. बाई हिंडत्याफिरत्या झाल्या की सांगू, असं त्यांनी ठरवलं होतं. बाई हिंडत्याफिरत्या झाल्या. मग बाळाचं बारकं दुखणं आलं. मग पहिला वाढदिवस आला आणि बाई पहिल्यांदा म्हणाल्या की हे साल मऊ आहे. झाकली मूठ सव्वा लाखाची. नाकोबांनी ती एकोणतीस वर्षं झाकून ठेवली होती, आणि आता त्यांची बोटं दुखत होती.

त्यांनी चिठ्ठीवर लिहिलं, दोन आणि आठ. ते खरंच होतं. गारांचं साल दोनदा आलं होतं आणि मावशीने घातलेलं जुळं तेच असणार होतं. समोर भिंगरी अजून चिठ्ठी लिहीत नव्हती. तिने आपले सगळे ग्लास बादलीत रिकामे केले आणि रिकामेच ठेवून दिले. पाच मिनिटं ती नुसती बसून राहिली. मग एकेक रिकामा ग्लास उचलून हुंगायला लागली. हे तिला नाकोबांनीच शिकवलं होतं, ती दहा वर्षांची असताना. भरलेला ग्लास बढाया मारतो, रिकामा ग्लास खरं सांगतो. काय दुर्बुद्धी झाली आणि शिकवलं, असं त्यांना आज वाटलं. लगेच स्वतःची लाज वाटली.

मावशीने चिठ्ठ्या गोळा केल्या, चष्मा पुसला आणि निकाल वाचावा तशा वाचल्या. बाई, दोन आणि आठ. सल्लागार, दोन आणि आठ. नाकोबा, दोन आणि आठ. भिंगरीच्या चिठ्ठीशी ती थांबली.

"यात दोन जोड्या आहेत," ती म्हणाली. "दोन-आठ आणि चार-सहा. मी जुळं एकच घातलंय."

फडकी सुटली. दोन आणि आठ, गारांचं साल. चौथी बाटली पुलाच्या सालाची निघाली आणि सहावीवर भिंगरीचं साल होतं. सल्लागार मोकळेपणाने हसले. स्वतःचंच साल ओळखता येऊ नये, याची त्यांना गंमत वाटली, आणि दोन बाण मारले की एक लागतोच, असंही ते म्हणाले. माणूस वाईट नव्हता, पण बोलायची घाई होती.

भिंगरीने सांगितलं की पुलाचं साल पाहुण्यांसाठी राखलेलं असतं, ते आज पहिल्यांदाच तिच्यापर्यंत आलं. दोन्ही ग्लासांच्या तळाशी डांबराचा धूर आहे. आपल्या सालाला तो आहे हे तिला लहानपणापासून माहीत होतं, तिला वाटायचं ती त्या सालाचीच खूण. सल्लागारांनी तेही खोडलं. पिंप आतून जास्त जाळलेलं असलं की असा वास येतो, त्यात विशेष काही नाही. मावशी म्हणाली की नियमात दोन जोड्यांची सोय नाही, मग निकाल काय लावायचा ते बाईंनीच ठरवावं.

बाईंनी सहाव्या बाटलीवरचं लेबल अंगठ्याने पुसलं. मग त्या लेकीकडे वळल्या, आणि नाकोबांना स्पष्ट दिसलं की बाईंना किल्ली तिलाच द्यायची आहे आणि त्या तिच्यासाठी दार किलकिलं करताहेत.

"खरं जुळं तुला सापडलंय," बाई म्हणाल्या. "दुसरी जोडी चुकून लिहिली म्हण. खोडून टाक. किल्ली तुझी."

भिंगरीने चौथा ग्लास पुन्हा हुंगला. मग सहावा. घाई केली नाही.

"नाही खोडत, आई. मला दोन्हींत एकच वाइन लागतेय. किल्लीसाठी वेगळी लागते म्हटलं तर खाली जाऊन मी काय हुंगणार?"

"मग किल्ली मिळणार नाही."

"बरं," भिंगरी म्हणाली. तिचा आवाज साधा होता. तिने ग्लास पुन्हा ओळीत नीट लावून ठेवला. सातव्या वर्षापासून जे एकच मागितलं ते आत्ता टेबलावरून निघून चाललं होतं, आणि ती त्याला अडवत नव्हती.

नाकोबांना वाटलं, गप्प बसावं. महिनाअखेरपर्यंत पंधराच दिवस. सगळे चांगलं बोलतील, हार घालतील, आणि मूठ झाकलेली राहील. मूग गिळून बसण्यात एकोणतीस वर्षं गेली, त्यात पंधरा दिवसांचं काय एवढं. पण समोर पोरगी रिकाम्या ग्लासांपुढे ताठ बसली होती. तिला खरं हुंगायला त्यांनी शिकवलं होतं आणि आज तिचं नुकसान तेवढ्यानेच होत होतं. ते उठले. गुडघे कटकटले.

"ती बरोबर आहे, बाई. चार आणि सहा एकच आहे. दोन्ही पुलाचं साल. भिंगरीच्या सालाची वाइन नासली होती. मी ती ओतून दिली आणि पुलाच्या सालावर तिचं लेबल लावलं."

मग त्यांनी उभ्याउभ्याच सगळं सांगितलं, दवाखान्यापासून नव्वदाव्या बाटलीपर्यंत. स्वतःची बाजू मांडली नाही. डॉक्टरांचं नाव फक्त एकदा आलं आणि तेही त्यांना नको होतं. सल्लागारांनी मध्येच आपलं पेन उघडलं, मग बंद करून खिशात ठेवलं.

बाईंनी आपल्यापुढचे ते दोन्ही ग्लास जवळ ओढले. आधी चौथा चाखला, मग सहावा, मग पुन्हा चौथा. त्यांचा चेहरा लाल झाला होता.

"दर वर्षी मी सगळ्यांना सांगायचे, हे साल मऊ आहे," त्या म्हणाल्या. "मग मी चाखत काय होते?"

त्यांनी सहावी बाटली फिरवून स्वतःकडे वळवली.

"लेबल," बाई स्वतःच म्हणाल्या. मग त्या नाकोबांना म्हणाल्या, "त्या खाटेवर तुमच्या त्या एका शब्दाने मी उठून बसले होते. काहीतरी तरी धड झालंय, असं वाटलं होतं. म्हणून मी तुम्हाला माफ केलं असं समजू नका. पुढच्याच वर्षी सांगायला हवं होतंत."

"हो," नाकोबा म्हणाले.

त्यांनी कमरेची किल्ली सोडून बाईंपुढे ठेवली. बाईंनी तिला हात लावला नाही, नुसती एका बोटाने लेकीकडे सरकवली. मावशीने नियमाप्रमाणे नोंद केली की यंदा जुळी दोन होती आणि दोन्ही एकाच परीक्षार्थीने ओळखली.

भिंगरीने किल्ली मुठीत घेतली, पण तिचा चेहरा फुलला नाही. तिने विचारलं, "म्हणजे माझ्या सालाचं काहीच नाही उरलं, काका?"

नाकोबांना इथे पहिल्यांदा भरून आलं. ते म्हणाले की एक बाटली आहे. मागच्या भिंतीला, खालून दुसरा कप्पा, पोत्याखाली. लेबल नाही. का ठेवली होती ते त्यांना नीट सांगता आलं नाही. एवढं मोठं खोटं सांभाळताना एखादी खरी वस्तू जवळ असावी असं वाटलं होतं, एवढंच.

किल्ली हाती आल्यावरचं पहिलं काम ते झालं. भिंगरी बावीस पायऱ्या उतरून गेली आणि धुळीने माखलेली बाटली घेऊन वर आली. बूच अर्ध्यात तुटलं. वाइन फिकट तपकिरी होती, काळ्या चहात पाणी वाढवल्यासारखी. सल्लागारांनी घोट घेतला आणि सभ्यपणे, पण ताबडतोब, बादली गाठली. बाईंनी घेतला, तोंड वाकडं केलं आणि गिळला. भिंगरीने सगळ्यांत शेवटी घेतला. जीभ आक्रसली. आंबट, पातळ, मागे थोडी कडवट. मध नाही, जर्दाळू नाही, डांबर तर नाहीच.

"भिकार आहे," ती म्हणाली, आणि तिला हसू फुटलं. सकाळपासूनचं पहिलंच. नाकोबांनाही हसू आलं आणि डोळे पुसावे लागले.

मावशी मात्र हसत नव्हती. ती चष्म्यावरून त्या ग्लासाकडे बघत होती. तिने विचारलं, यात साखर किती?

"औषधालाही नाही," नाकोबा म्हणाले. "होती नव्हती ती सगळी आंबून गेली."

मावशीने काठी भिंतीला टेकवली, खुर्ची पुढे ओढली आणि पाण्याचा ग्लास उचलून त्यातलं पाणी बादलीत ओतलं.

"एकोणतीस वर्षं तुझा वाढदिवस मी पाण्यावर केलाय," ती भिंगरीला म्हणाली. "ओत."

भिंगरीने तिचा ग्लास आधी भरला, मग काकांचा.